वाचनालयाच्या इमारतीचं काम काढलंय, दुर्मीळ पुस्तकांचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. शंभरी उलटलेली वाचनालयं तर तालुक्या-तालुक्याला आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पुस्तकंही म्हातारी आणि इमारतही म्हातारी. छप्पर गळतं, तुळई वाकते, मग कार्यकारी मंडळ एकदाचं काम काढतं. ग्रंथपालाला हे कळतं तेव्हा बहुधा टेंडर उघडून झालेलं असतं.

मी एका जिल्ह्याच्या गावी ग्रंथपाल होतो. नोकरीच्या काळात इमारतीची दोन मोठी कामं पाहिली. पहिल्या वेळी चुका केल्या, दुसऱ्या वेळी त्या टाळून नव्या केल्या. निवृत्तीनंतर इतर वाचनालयांतून फोन येऊ लागले आणि प्रश्न तेच ते असायचे, म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

दुर्मीळ म्हणजे नक्की कोणती पुस्तकं धरायची? आमच्याकडे सगळीच जुनी आहेत.

मराठीत १८६७ पर्यंत छापलेल्या पुस्तकांना ‘दोलामुद्रितं’ म्हणतात. म्हणजे छपाई पाळण्यात होती तेव्हाची पुस्तकं. १८६७ ही रेघ पुस्तक नोंदणीच्या कायद्यामुळे आली. त्या वर्षापासून छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली, त्याआधीच्यांचा ठावठिकाणा ज्याच्या त्याच्या नशिबावर. ही सगळी पहिल्या यादीत घ्या. हस्तलिखित पोथ्या, मोडी कागद, शिळाछापाच्या पोथ्या, नियतकालिकांचे जुने बांधीव अंक, लेखकाची सही असलेल्या प्रती हेही त्यातच.

दोन गोष्टी हमखास सुटतात. एक, गावातल्या छापखान्यात निघालेली पातळ पुस्तकं: जत्रेची माहिती, संस्थानाचे अहवाल, शाळांचे वार्षिक वृत्तांत, व्याख्यानमालांच्या पत्रिका. ही दुसरीकडे कुठेच नसतात. दोन, वाचनालयाची स्वतःची दप्तरं. पहिली दाखल नोंदवही, सभांची इतिवृत्तं, देणगीदारांच्या वह्या. या कचेरीच्या कपाटात असतात म्हणून कुणी त्यांना ग्रंथ समजत नाही आणि काम सुरू झालं की त्या जिन्याखाली जातात.

पाच हजार पुस्तकांची यादी करत बसू नका, ती पुरी होणार नाही. दीडशे-दोनशेंची करा आणि त्या प्रत्येकाच्या आख्यापृष्ठाचा, म्हणजे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव छापलेल्या पानाचा, मोबाइलवर फोटो घ्या.

काम चालू असताना पुस्तकं जागेवरच झाकून ठेवली तर चालणार नाही का?

वाचनालयाच्या दुसऱ्या टोकाला संडास-बाथरूमचं काम असेल, मध्ये भिंत आणि बंद दार असेल, तर चालेल. डोक्यावरचं छप्पर उघडायचं असेल, त्याच खोलीचा गिलावा पाडायचा असेल, वायरिंग बदलायचं असेल, फरशी उखडायची असेल, तर चालणार नाही. ‘पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे’ असं ठेकेदार म्हणतो. पंधरा दिवसांत संपलेलं काम मी अजून पाहिलेलं नाही.

एक मधला मार्ग आहे. रोजच्या देवघेवीची पुस्तकं झाकून जागेवर ठेवा, दुर्मीळ तेवढी बाहेर काढा. दोनशे पुस्तकं आणि चाळीस पोथ्या हलवायला एक टेम्पो आणि दोन दिवस पुरतात. सगळंच हलवायचं म्हटलं की मंडळ घाबरतं आणि मग काहीच हलत नाही.

सगळ्यात मोठा धोका कशाचा? आगीचा ना?

आग मोठी, पण पाणी रोजचं. आणि पाण्याच्या आधी रद्दीवाला.

हे गमतीनं लिहीत नाही. काम सुरू झालं की ‘एवीतेवी सगळं काढलंच आहे तर जुनं-फाटकं काढून टाकू’ अशी सूचना हमखास येते. पुस्तकं रद्दबातल करण्याला आपल्या भाषेत निर्लेखन म्हणतात. त्याची रीत आहे, ठराव लागतो, यादी लागते. धुळीनं माखलेल्या ढिगातून, मुकादम दारात उभा असताना, घाईनं केलेलं निर्लेखन म्हणजे नासधूस. मुखपृष्ठ गेलेलं, कसरीनं खाल्लेलं पुस्तक रद्दी दिसतं. आत १८५० च्या सुमाराची छपाई असू शकते. काम चालू आहे तोवर एकही पुस्तक बाद करायचं नाही, असा ठराव आधीच करून घ्या. हस्तलिखितांबाबत तर कायदाच आहे. ७५ वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरतं. ते तराजूत घालायची वस्तू नव्हे.

मग पाणी कुठून येतं? काम तर उन्हाळ्यात करतोय.

पावसाचं पाणी दिसतं, तरी त्याची तयारी होते. गवंड्याचं पाणी कुणी मोजत नाही. नवा गिलावा झाला की आठ-दहा दिवस त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. भिंतीच्या पलीकडे तुमचं कपाट टेकलेलं असेल तर ओल त्याच्या पाठीतून आत येते, आणि तुम्हाला कळते ती बुरशीचा वास आल्यावर. गच्चीवर वॉटरप्रूफिंग केलं की पाणी साठवून चाचणी घेतात. ती चाचणी तुमच्या दुर्मीळ विभागाच्या डोक्यावर चालते. फरशी कापायच्या यंत्राला पाणी लागतं, भिंतीत गोल भोक पाडायच्या यंत्राला पाणी लागतं आणि तो राखाडी रबडा खालच्या मजल्यावर ओघळतो. वरच्या मजल्यावर मजुरांनी पिंप भरून ठेवलेलं असतं. रात्री नळ उघडा राहतो.

छपराचं काम असेल तर दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर वरचं अंग बंद झालंच पाहिजे. वळवाचा पाऊस सात जूनची वाट पाहत नाही. कौलारू इमारत असेल तर एका वेळी एकच पाखं, म्हणजे छपराची एकच उतरती बाजू, उघडायची आणि ते शाकारून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे करारात लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं मुकादमापर्यंत पोचत नाही.

जाता जाता एक. गळतीला कंटाळून उतरतं छप्पर काढून सपाट स्लॅब टाकायचा मोह आवरा. मुंबईच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० ची. तिच्यावर नंतर आलेला स्लॅब अलीकडच्या जीर्णोद्धारात काढून पुन्हा उतरतं छप्पर बसवावं लागलं.

आगीबद्दल काय काळजी घ्यायची?

जर्मनीत वायमार इथे डचेस आना आमालिया ग्रंथालय आहे. तिथली जुनी इमारत दुरुस्तीला काढायची ठरली होती, शेजारी जमिनीखाली नवं ग्रंथागार बांधून होत आलं होतं, पुस्तकं हलवायला काही आठवडेच उरले होते. २ सप्टेंबर २००४ च्या संध्याकाळी पोटमाळ्याला आग लागली. विजेच्या जुन्या वायरिंगवर संशय होता. सुमारे ५० हजार पुस्तकं गेली. आणखी ६२ हजार आगीनं आणि आग विझवायच्या पाण्यानं खराब झाली. कर्मचारी आणि गावकरी हातोहात साखळी करून पुस्तकं बाहेर काढत होते. मार्टिन ल्यूथरनं जर्मनमध्ये आणलेल्या बायबलची १५३४ ची प्रत त्या रात्री वाचली. इमारत २००७ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडली, पुस्तकांची दुरुस्ती मात्र पुढेही वर्षानुवर्षं चालू राहिली.

यातला बोध साधा आहे. वायरिंग धोक्याचं म्हणून दुरुस्ती काढलीत ना, मग दुरुस्तीची तारीख येईपर्यंत पुस्तकं त्याच वायरिंगखाली कशाला? हलवायचं ठरलं की हलवा.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा तिथे दुरुस्तीच्या परांच्या बांधलेल्या होत्या. ग्लासगोच्या कलाशाळेचं ग्रंथालय २०१४ च्या आगीत जळालं आणि ते पुन्हा उभं करायचं काम चालू असताना २०१८ च्या जूनमध्ये दुसरी आग लागली. नोत्र दामच्या आणि ग्लासगोच्या या दुसऱ्या आगीच्या तपासात नेमकं कारण ठामपणे सांगता आलं नाही. काम चालू असलेल्या इमारतीत लाकूड उघडं पडलेलं असतं, दारं-भिंती काढल्यामुळे आगीला वाट मोकळी असते आणि धुळीनं खोटा इशारा देतात म्हणून धूर ओळखणारी यंत्रं कुणीतरी बंद करून ठेवलेली असतात. ठिणगी कुठून आली हे त्यापुढे गौण.

आपल्याकडे ठिणगी येते वेल्डिंगमधून, ग्राइंडरमधून, रंग खरवडायच्या ब्लोलॅम्पमधून, आणि साइटवर राहणाऱ्या मजुरांच्या चुलीतून. वेल्डिंग ज्या दिवशी असेल त्या दिवशी ग्रंथपालाची लेखी परवानगी, शेजारी अग्निशामक आणि पाण्याची बादली, आणि काम थांबल्यावर निदान तासभर कुणीतरी तिथे बसून राहणं. हा शेवटचा तास महत्त्वाचा. ठिणगी भुशात पडून धुमसत राहते आणि सगळे घरी गेल्यावर पेटते. म्हणून वेल्डिंग दुपारी तीनच्या आत संपवा. रात्री मेन स्विच बंद करा. मजुरांना स्वयंपाकाला आवाराबाहेर जागा द्या. नुसतं ‘इथे शिजवू नका’ म्हणालात तर ते आत लपून शिजवतील, त्यांनी तरी कुठे जायचं?

अग्निशामक कोणता? पुस्तकांजवळ कार्बन डायऑक्साइडचा बरा. पावडरवाल्याची भुकटी कागदात बसते आणि निघता निघत नाही. पण समोर आग असेल तर हातात जो येईल तो वापरा.

पुस्तकं हलवायची तर कुठे?

मंडळाला पहिल्यांदा सुचतं ते सदस्याचं रिकामं गोदाम किंवा शाळेचा हॉल. गोदामात उंदीर, हॉलमध्ये लग्नं. जागा बघताना मी चार गोष्टी बघायचो. पूर आला तर पाणी कुठवर येतं, डोक्यावरून पाण्याची पाइपलाइन जाते का, किल्ली किती जणांकडे आहे आणि जमीन वजन पेलेल का.

पुराचं नाव काढलं की लोक म्हणतात, आमच्याकडे कुठला पूर! २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या महापुराचं पाणी तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात शिरलं. ते वाचनालय १८६४ चं. नदीच्या गावात तळमजला दुर्मीळ पुस्तकांसाठी नाही, मग तो कितीही सोयीचा असो.

वजनाचा अंदाज असावा. पुस्तकांची एक मीटर लांब रांग साधारण ३० किलोच्या घरात जाते. खोकी एकावर एक रचून खोलीच्या मधोमध थर लावला तर जुन्या लाकडी माडीला ते झेपणार नाही. भिंतीलगत, तुळयांच्या टोकांजवळ, एकावर एक दोनच खोकी, आणि खाली लाकडी पट्ट्या घालून जमिनीपासून चार इंच वर.

थोडीच पुस्तकं असतील तर गावातल्या कॉलेजच्या ग्रंथालयाला विचारा. कुलूपबंद दोन कपाटं वर्षभर द्यायला बहुतेक जण तयार होतात. पोचपावतीवर मात्र पुस्तकागणिक सही घ्या. मैत्री असली तरी.

खोकी भरायची कशी?

किराणा दुकानातली फुकट खोकी नकोत, त्यांच्यात झुरळांची अंडी येतात. नवी घ्या, लहान घ्या. भरलेलं खोकं १२-१५ किलोच्या वर गेलं की हमाल ते टाकतो. त्याचा दोष नाही.

पुस्तक उभं ठेवायचं तर कपाटात असतं तसं सरळ, नाहीतर कणा खाली. कणा वर आणि पानं खाली असं कधीच नाही. पानांचा भार बांधणीवर लोंबतो आणि शंभर वर्षांची शिवण एका प्रवासात सुटते. मोठे ग्रंथ, नकाशे, बांधीव वर्तमानपत्रं आडवी. सुटलेलं मुखपृष्ठ असेल तर सुती नाडीनं सैल बांधा. रबर बँड आणि सेलोटेप घरी ठेवून या.

पोथ्यांची रीत आपल्या आजोबांनी ठरवून दिलेली आहेच. वर-खाली फळी, भोवती सुती बासन, गाठ सैल, आणि आडवी ठेवायची. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, तसेच बांधलेले राहू द्या. ‘जरा नीट लावून घेऊ’ म्हणून रुमाल सोडायची ही वेळ नव्हे. आतल्या कागदांचा क्रम ही सुद्धा माहिती असते. बासन जीर्ण झालं असेल तर धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटाचं दुसरं बासन जुन्याच्या वरून बांधा. नव्या लाल कापडाचा रंग ओलीत सुटतो.

नोंद किती बारीक ठेवायची? नुसते खोक्यांवर नंबर टाकले तर?

माझ्या पहिल्या दुरुस्तीची गोष्ट सांगतो. एकशे सोळा खोकी होती, सगळ्यांवर नंबर, सगळ्यांची यादी. शेवटच्या दिवशी संध्याकाळी उरलंसुरलं एका खोक्यात भरलं आणि घाईत त्यावर खडूनं लिहिलं, ‘किरकोळ’. नंबर दिला नाही. परत आल्यावर एकशे सोळा खोकी मोजली, जुळली, पोचपावतीवर सही केली. तीन महिन्यांनी एक अभ्यासक मासिकाचं एक जुनं वर्ष मागायला आले आणि ते कपाटात नव्हतं. शोधता शोधता ‘किरकोळ’ आठवलं. ते खोकं तात्पुरत्या जागेच्या जिन्याखाली होतं. वर रंगाचे डबे रचलेले. त्यातला एक डबा गळून घट्ट झालेला. बांधीव खंड ऑइलपेंटनं खोक्याला चिकटला होता. वरची अकरा पानं वाचता येत नाहीत. खडूची अक्षरंही पुसली गेली होती, नुसता ‘ळ’ उरला होता.

तेव्हापासून माझा नियम असा. पुस्तक कपाटातून निघालं की त्या जागी पट्टी उभी करायची. पट्टीवर दाखल क्रमांक आणि खोक्याचा नंबर. खोक्यात यादीची एक प्रत, दुसरी ग्रंथपालाकडे, तिसरी मंडळाच्या सचिवांच्या घरी. खोक्याच्या चारही बाजूंवर आणि झाकणावर नंबर, पक्क्या शाईच्या पेननं. आत काय आहे ते बाहेर लिहायचं नाही, ‘दुर्मीळ’ असं तर मुळीच नाही. प्रत्येक कप्प्याचा भरायच्या आधी एक फोटो. परत लावताना हा फोटो यादीपेक्षा जास्त कामाला येतो. शिल्लक, संकीर्ण, किरकोळ असलं खोकं करायचं नाही.

धूळ तर सगळीकडेच असते. सिमेंटच्या धुळीचं एवढं काय?

घरच्या धुळीपेक्षा ही वेगळी. सिमेंट आणि चुन्याची धूळ अल्कधर्मी असते, वाळूचे कण धारदार असतात आणि हवेत ओल आली की ती धूळ पानांच्या कडांवर बसून घट्ट होते. भिंतीत वायरिंगसाठी ग्राइंडरनं खाच मारतात तेव्हा उडणारा धुरळा इतका बारीक असतो की बंद कपाटाच्या फटीतून आत जातो. मी पाहिलेलं एक काचेचं कपाट बाहेरून पुसल्यावर लख्ख दिसत होतं आणि आतल्या प्रत्येक पुस्तकाच्या माथ्यावर पिठी साखरेसारखा थर होता.

काम चालू असताना खोल्यांमध्ये जाड प्लास्टिकचा पडदा छतापासून जमिनीपर्यंत, कडा चिकटपट्टीनं बंद. दारात ओलं पोतं, रोज धुवायचं. कपाटांच्या फटींना कागदी चिकटपट्टी.

साफ करताना ओलं फडकं नाही. पुस्तक मिटलेलं धरायचं, हातानं दाबून, आधी माथा, कण्याकडून बाहेर, मऊ ब्रशनं. व्हॅक्यूम असेल तर नळीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून, सगळ्यात कमी वेगावर. नाकाला चांगला मास्क. एका माणसानं दिवसाला पन्नास-साठ पुस्तकं केली तर उत्तम समजा. ही मजुरी अंदाजपत्रकात धरलेली नसते, आणि माझं खरं भांडण तिथेच आहे. ग्रॅनाइटच्या पायरीला पैसे असतात, ब्रशला नसतात. अंदाजपत्रकात ‘ग्रंथसंरक्षण’ नावाची स्वतंत्र ओळ घालून घ्या. तिच्यासमोर रक्कम थोडी असली तरी चालेल. ओळ असली की हिशेब मागता येतो.

कपाटं प्लास्टिकनं गच्च गुंडाळली तर धूळही नाही आणि पाणीही नाही?

आणि हवाही नाही. आपल्या दमट हवेत गच्च गुंडाळलेल्या कपाटात आतल्या बाजूनं घाम धरतो. आठवडाभरात बुरशी. कपाटावर आधी मांजरपाट, त्यावर बांबूच्या चौकटीवर टाकलेली ताडपत्री, मांडवासारखी, कपाटाला न टेकता. खालून वीतभर मोकळं. ताडपत्रीला उतार द्या, नाहीतर तिच्या खोलगटात पाणी साचून तीच फाटते.

वाळवीचं औषध मारून घ्यायचंय. पुस्तकं आत असताना मारलं तर?

नाही. जमिनीत आणि भिंतीत भोकं पाडून भरायचं औषध असो की लाकडाला लावायचं, पुस्तकं बाहेर काढूनच. वाळवीची मातीची नळी कपाटामागे दिसली तर फोटो काढा, पण पुस्तकांवर औषध फवारू देऊ नका. शाई फुटते आणि वाचणाऱ्याच्या हाताला विष लागतं.

पोथ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायची आपली पद्धत निरुपद्रवी आहे, चालू ठेवा. पण ती कपाटात आलेली वाळवी थांबवणार नाही. डांबराच्या गोळ्या मात्र बंद खोलीत बसणाऱ्या माणसासाठी वाईट. त्या काढून टाका.

आमचं काम नाही, शेजारचं चालू आहे. आम्हाला काय?

जर्मनीतच कोलोन शहराचं अभिलेखागार ३ मार्च २००९ रोजी दुपारी कोसळलं. त्या इमारतीत काम नव्हतं, समोरच्या रस्त्याखाली मेट्रोचं खोदकाम चालू होतं. मजुरांनी ओरडून सावध केलं म्हणून आतले लोक बाहेर पळाले. शेजारच्या घरांतले दोघे गेले. मध्ययुगापासूनची दप्तरं ढिगाऱ्यात आणि भूजलात गेली.

एवढं मोठं रोज घडत नाही. पण शेजारी पाया खणत असतील तर भिंतीतल्या तड्यांवर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून तारीख लिहा. पट्टी तुटली म्हणजे तडा वाढतोय. ब्रेकर चालू असताना वरच्या फळीवरची पुस्तकं रोज थोडी पुढे सरकतात, तीही बघत जा.

एवढं करूनही पुस्तक भिजलं तर?

घड्याळ बघा. साधारण ४८ तासांत बुरशी धरते, आपल्या पावसाळ्यात त्याच्याही आधी. उन्हात टाकू नका, इस्त्री करू नका, हेअर ड्रायर नको. मिटलेलं भिजलेलं पुस्तक उघडायचा प्रयत्न करू नका.

नुसती कड ओली असेल तर पुस्तक उभं, पंख्यासारखं किंचित उघडून, पंख्याच्या वाऱ्यात पण थेट झोतात नाही. मध्ये मध्ये पांढरा टिपकागद, तासा-दोन तासांनी बदलायचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. चिंब भिजलं असेल तर मेणकागदात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत एकेकटं गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये. उणे १८-२० अंशाला बुरशी थांबते आणि तुम्हाला विचार करायला महिने मिळतात. वायमारची भिजलेली पुस्तकंही आधी गोठवली, मग निर्वात यंत्रात सुकवली. दहा-पंधरा पुस्तकं असतील तर सदस्यांच्या घरचे फ्रीज पुरतात. जास्त असतील तर आइस्क्रीम किंवा मासळीचं शीतगृह. मासळीचं म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण पिशवी नीट बंद असेल तर वास लागत नाही. शीतगृहाच्या मालकाशी काम सुरू व्हायच्या आधीच बोलून ठेवा. रात्री अकराला पहिल्यांदा ओळख करून घेणं अवघड जातं.

आर्ट पेपरवरची चित्रं भिजली असतील तर ती आधी उचला. तो कागद सुकताना विटेसारखा एकजीव होतो, मग पानं सुटत नाहीत.

नवी इमारत तयार झाली. उद्घाटनाआधी पुस्तकं लावून घ्यायची आहेत.

उद्घाटनाला रोजची पुस्तकं लावा. दुर्मीळ नकोत. नवा गिलावा, नवा रंग आणि नवं प्लायवूड महिनोन्‌महिने ओल आणि वाफा सोडत राहतात. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. ते बंद खोलीत ठेवून पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. सतत ६५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. परदेशी पुस्तकांत ५० टक्के लिहिलेलं असतं. मुंबई-कोकणात तो आकडा चोवीस तास एसी चालवल्याशिवाय दिसत नाही, आणि दिवसा एसी-रात्री बंद हा प्रकार तर एसी नसण्यापेक्षा वाईट. आकडा थोडा जास्त पण स्थिर असलेला बरा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नव्या छपराखाली एक पावसाळा जाऊ द्या. ठेकेदाराची हमी कागदावर असते, छपराची परीक्षा आषाढात होते. मंडळाला हे पटत नाही, कारण पाहुण्यांना दुर्मीळ विभाग दाखवायचा असतो. पाहुण्यांना फोटो दाखवा.

विमा, अनुदान?

विमा घ्या, पण प्रवासाचा आणि तात्पुरत्या जागेचा वेगळा विचारा. नेहमीच्या पॉलिसीत फक्त मूळ पत्ता असतो. इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत, त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करा.

हलवण्याआधी सगळं स्कॅन करून घेऊ का?

घाईत स्कॅन करताना कणे मोडतात. आख्यापृष्ठांचे फोटो पुरेत. स्कॅनिंग हे स्वतंत्र काम आहे. ते शांतपणे, पुस्तकं परत आल्यावर.

जुनी सागवानी कपाटं ठेवायची की स्टीलची घ्यायची?

लाकूड पोखरलेलं नसेल तर ठेवा. सागवान पावसाळ्यात थोडी ओल स्वतः पितं, स्टीलच्या कपाटात तीच ओल थेंब होऊन पाठीवर जमते. स्टील घेतलंत तर हवेसाठी जाळी असलेलं घ्या. कोणतंही असो, नव्या भिंतीपासून वीतभर लांब लावा.

कपाट उचलण्याआधी मात्र ते पूर्ण रिकामं करून हात घालून बघा. कप्प्याच्या मागे, खणाच्या खाली, पाठीच्या फळीच्या फटीत. आम्हाला एका कपाटामागे पोथीची चार सुटी पानं सापडली, ज्या पोथीच्या नोंदीत कुणीतरी कधीकाळी ‘अपूर्ण’ असा शेरा मारून ठेवला होता. सापडलं तर तिथेच पाकिटात घाला, वर कपाटाचा नंबर, कप्पा आणि तारीख लिहा, आणि मुकादमाला सांगा की आज दुपारपर्यंत हे कपाट हलणार नाही.